फोन ठेवलाच आहे

सगळी इमारत त्यांना नेटवाले म्हणायची. खरं तर ते नेट विकत नव्हते, जोडत नव्हते, खांबावर चढून तारा तर मुळीच ओढत नव्हते. एका इंटरनेट कंपनीच्या तक्रार विभागात ते कानाला हेडफोन लावून बसायचे आणि चिडलेल्या लोकांना थंड करायचे. पण इमारतीत कोणाच्याही घरी पडद्यावरचं चित्र अडकलं की लोक त्यांनाच जिन्यात गाठायचे. नेटवालेही सवयीने "राऊटर बंद करून पुन्हा चालू केलात का?" असं विचारून पुढे सटकायचे. निम्म्या लोकांचं तेवढ्याने भागायचं आणि उरलेले निम्मे पुन्हा विचारायला लाजायचे.

बसायचे म्हणजे घरीच बसायचे, आणि हे मोठ्या मुश्किलीने जमलं होतं. कंपनीचं मुख्य कार्यालय दुसऱ्या गावात होतं, गाडीने जायला अख्खा दिवस मोडेल इतकं लांब. लग्नानंतरची कितीतरी वर्षं नेटवाल्यांनी तिथल्या भाड्याच्या खोलीत काढली होती. सुट्टीला घरी यायचे ते पाहुण्यासारखे. स्वतःच्याच घरात टॉवेल कुठे आहे हे विचारावं लागायचं. पुढे कंपनीने काही जणांना घरून काम द्यायचं ठरवलं, तेव्हा नेटवाल्यांनी इतक्या विनवण्या केल्या की कंटाळून त्यांचं नाव पहिलं घातलं गेलं. बेडरूमच्या कोपऱ्यात टेबल आलं, कंपनीची खास लाइन आली, आणि नेटवाले घरी आले. चहा घरचा, कटकट घरची, दुपारची पाठ टेकायला पलंग घरचा. या माणसाला जगात आणखी काहीही नको होतं.

आणि नेमक्या याच घरात नेटला गळती लागली.

मुख्य कार्यालयातून वरिष्ठ मॅडमचा फोन आला. "तुमच्या लाइनचा महिन्याचा डेटा पहिल्याच आठवड्यात फस्त होतोय. हे काही एका महिन्याचं नाही. तुम्ही घर चालवता की वसतिगृह?"

"नाही मॅडम, आम्ही तिघंच," नेटवाले म्हणाले. "मी, बायको आणि सासूबाई."

"मग शेजाऱ्यांना वाटत असाल."

"छे हो, मॅडम."

"मग पाणी कुठं मुरतंय ते शोधा आणि बंद करा. पुढच्या शुक्रवारी मी आकडा बघणार. गळती थांबली नसेल तर सोमवारपासून इकडे येऊन बसायचं. तुमची जुनी खोली रिकामीच आहे, मी चौकशी केलीय."

नेटवाल्यांच्या तोंडचं पाणी पळालं. मॅडम बोलायला लागल्या की समोरचा माणूस उभा चिरला जायचा, म्हणून घरात ते त्यांना करवत म्हणत. पण आज करवत खोलीची चौकशी करूनच बोलली होती. त्या खोलीतली पिवळी भिंत, एकट्याचं ताट आणि पलीकडच्या भाडेकरूचं घोरणं त्यांना एका दमात आठवलं.

आजवर अशी तक्रार घेऊन आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला नेटवाल्यांनी एकच उत्तर दिलं होतं. "तुमच्याच घरातलं कोणीतरी वापरतंय." लोक चिडायचे, शपथा घ्यायचे, फोन आदळायचे. आता ते वाक्य स्वतःलाच ऐकवून नेटवाल्यांनी कंबर कसली.

आधी टीव्हीवर संशय. त्याची वायर उपटून गादीखाली घातली. मग नव्या वॉशिंग मशीनवर, कारण ती कोणीही न सांगता मध्येच पिं पिं करायची. तिच्यासमोर स्टूल टाकून नेटवाले कितीतरी वेळ बसून राहिले, पण तिने ताकास तूर लागू दिली नाही. मग त्यांनी पासवर्ड बदलला. इतका लांबलचक आणि अवघड पासवर्ड केला की त्यांना स्वतःलाच तो तळहातावर लिहून घ्यावा लागला. बायकोने तो तळहातावरून वाचून घरातल्या सगळ्या फोनांत घालून दिला. गळती तशीच चालू राहिली. त्यांनी पुन्हा बदलला, बायकोने पुन्हा घालून दिला. चोराला नवा पासवर्ड इतक्या इमानेइतबारे पोचवणारं घर दुसरं नसेल.

शेवटी त्यांनी राऊटरचं पान उघडलं. कोणता फोन किती नेट खातो ते तिथे दिसतं. प्रत्येक फोनला नेटवाल्यांनीच कधीतरी हौसेने नावं दिली होती. 'मी' नावाचा फोन माफक खात होता. 'आई' असं नाव तिथे नव्हतंच, म्हणजे सासूबाई नेट वापरतच नाहीत, असा त्यांनी सरळ अर्थ लावला. आणि 'बायको' नावाचा फोन अक्षरशः ओरपत होता. सकाळ, दुपार, संध्याकाळ. उसंत नाही.

संध्याकाळी बायको चष्म्याच्या दुकानातून आली. तिथे ती दिवसभर लोकांना भिंतीवरची अक्षरं वाचायला लावायची.

"तू दिवसभर काय बघत असतेस?" नेटवाल्यांनी जमेल तितक्या सौम्य आवाजात विचारलं.

"लोकांचे डोळे."

"नाही, फोनवर म्हणतोय मी. इथे दिसतंय ना, बायको, दिवसभर, घरातून."

बायकोने चप्पल काढता काढता थांबून पाहिलं. "माझा फोन दुकानात ड्रॉवरमध्ये असतो. मी पण दुकानात असते. मग घरात बसून दिवसभर नेट बघणारी ही कोण?"

"तेच मी विचारतोय."

"शोध की मग. सापडली तर आधी तिला भांडी घासायला लाव, मग माझ्याकडे पाठव."

नेटवाले रात्रभर कूस बदलत राहिले. घरात दुसरी बायको असावी आणि ती आपल्याला भेटू नये, हे त्यांना दोन्ही बाजूंनी अन्यायाचं वाटलं.

आता राहिल्या सासूबाई. गुडघे धरल्यापासून त्या लेकीकडेच राहायला आल्या होत्या. बाई कमी बोलायच्या, कोणाच्या अध्यातमध्यात नसायच्या. जावयाने सासूची झडती घ्यायची म्हणजे भलतंच. नेटवाले चहाचा कप घेऊन स्वयंपाकघराच्या दारात नुसते घुटमळत राहिले. शेवटी सासूबाईंनाच दया आली.

"जावईबापू, काही हवंय का?"

"नाही आई, सहज विचारतो. तुम्ही मावशींशी रोज बोलता ना?"

मावशी म्हणजे सासूबाईंची थोरली बहीण. नवरा गेल्यापासून ती दूरच्या एका गावात एकटी राहायची. तिचा आवाज असा, की फोनवर बोलली तरी खिडकीची काच हलायची. नेटवाले तिला, अर्थात पाठीमागे, तोफ म्हणत.

"बोलते की. चित्राचा फोन करतो आम्ही, म्हणजे तोंड दिसतं. पण थोडाच वेळ हं."

"आणि बोलणं झालं की फोन ठेवता ना?"

"म्हणजे काय, ठेवतेच. बोलणं झालं की ठेवते म्हणते आणि ठेवते. तिकडे ताईसुद्धा ठेवते."

"झालं तर मग," नेटवाले म्हणाले आणि सुटल्यासारखे होऊन टेबलापाशी परतले. एका निष्पाप म्हातारीवर संशय घेतल्याची त्यांना लाजही वाटली.

रविवारी त्यांनी शेवटचा उपाय काढला. राऊटर बंद करायचा, घर कोरडं ठणठणीत करायचं आणि मग एकेक फोन जोडून बघायचं. बायको घरीच होती. सकाळी चहा झाल्यावर नेटवाल्यांनी राऊटरची वायर काढली आणि घरात एक वेगळीच शांतता पसरली. ती नक्की कशाची हे कोणाला सांगता आलं नसतं.

थोड्या वेळाने बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "अरे, किती वाजले? टोल पडलेच नाहीत आज."

"घड्याळ बंद पडलं असेल."

"मग सेल घाल ना. तुझं नाहीतरी काय चाललंय."

नेटवाल्यांनी ड्रॉवरमधून सेल काढला आणि ते घड्याळ शोधायला निघाले. बाहेरच्या खोलीत नव्हतं. बेडरूममध्ये पलंगाच्या मागे, कपाटाच्या वर, पडद्याआड, कुठेच नव्हतं. हातात सेल घेऊन ते परत आले.

"घड्याळ आहे कुठे?"

"तुझ्या खोलीत ना. टेबलाच्या मागे कुठेतरी. मला तिकडूनच ऐकू येतं."

"माझ्या खोलीत? मला वाटत होतं आईंच्या खोलीत आहे. मला भिंतीपलीकडून ऐकू येतं."

गेले कित्येक महिने हे घर टोलांवर चालत होतं. टोल ऐकून बायको दुकानाला निघायची, टोल ऐकून नेटवाले हेडफोन चढवायचे, टोल ऐकून दूध घ्यायला खाली जायचं. आणि टोल देणारं घड्याळ दोघांपैकी एकानेही कधी पाहिलेलं नव्हतं.

"आई," बायकोने हाक मारली, "आपलं टोलांचं घड्याळ कुठे आहे गं?"

सासूबाई भिंतीला धरत धरत आल्या. "आपलं कुठलं? ते ताईचं घड्याळ आहे. तिच्या बाहेरच्या खोलीत. चावीचं."

"तिच्या खोलीतलं घड्याळ आपल्याला कसं ऐकू येईल, आई?" नेटवाल्यांनी विचारलं.

"न यायला काय झालं? फोन ठेवलाय ना," सासूबाई म्हणाल्या.

फडताळाच्या वरच्या उघड्या फळीवर, चहा-साखरेच्या डब्यांमागे, फोन उताणा पडला होता. चार्जरची वायर फळीच्या कडेने आत गेलेली. तो बायकोचा जुना फोन. नवा घेतल्यावर तिने हा आईला दिला होता, आणि राऊटरच्या पानावर याचं नाव बदलायचं आणि नव्याला नाव द्यायचं कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. दुसरी बायको सापडली होती आणि ती सासूबाईंच्या ताब्यात निघाली होती.

नेटवाल्यांनी राऊटर लावला. फोनचा पडदा उजळला आणि त्यात एक छत दिसलं. त्यांचं नव्हे, दुसरंच. कोपऱ्यात ओल आलेलं, मध्ये हळूहळू फिरणारा पंखा.

"आला का गं?" छताने विचारलं. खिडकीची काच हलली.

"आला, ताई," सासूबाई म्हणाल्या. "जावईबापूंनी बंद केलं होतं."

"हो, काल बोलत होते ते. एकेक फोन जोडून बघणार म्हणून. सापडला का चोर?"

नेटवाले स्टूल ओढून बसले. तोवर बायकोने तोंडावर पदर धरून हसून घेतलं होतं.

"आई, तुम्ही तर म्हणालात, बोलणं झालं की फोन ठेवते."

"हा काय, ठेवलाय की."

"ठेवणं म्हणजे असं नाही हो. हे लाल बटण दाबायचं असतं."

"ते मला माहितीय," सासूबाई शांतपणे म्हणाल्या. "ते फोन तोडणं झालं. तुम्ही विचारलंत ठेवता का, मी म्हटलं ठेवते. तोडता का विचारलं असतंत तर नाही म्हटलं असतं. मी ताईचा फोन कशाला तोडीन? आमचं काही भांडण झालंय का?"

"कधीपासून चालू आहे हा?"

"मी इथे आले तेव्हापासून. मध्येच आपणहून पडतो कधी. मग जिला आधी दिसेल ती लावते."

तक्रार विभागात सगळ्या प्रकारच्या माणसांना द्यायची उत्तरं छापून दिलेली असतात, पण भाषा बरोबर असलेल्या माणसाला काय सांगायचं हे त्यात नव्हतं. आणि मग एक दुसरीच गोष्ट हळूहळू नेटवाल्यांच्या डोक्यात उतरू लागली. इतके महिने या घरात जे जे बोललं गेलं, ते सगळं तिकडे गेलं होतं. नवराबायकोची भांडणं, शेजाऱ्यांवरचे शेरे, त्यांचं न्हाणीघरातलं गाणं.

"जावईबापू," छत म्हणालं, "तोफ म्हणजे मीच ना?"

"छे हो मावशी, ते मी आमच्या मॅडमना म्हणतो."

"मॅडमना तुम्ही करवत म्हणता."

नेटवाल्यांनी डोळे मिटून घेतले. पण मावशीच्या आवाजात राग नव्हता, उलट मजा होती. "राहू द्या. चांगलं नाव आहे. आणि तुमचं ऐकून ऐकून माझंही भलं झालं. परवा शेजारणीचं नेट गेलं, मी तिला तुमच्यासारखंच सांगितलं, बंद कर आणि पुन्हा चालू कर. लागलं की लगेच. आता अख्खी गल्ली येते विचारायला. मला नेटवाली म्हणतात."

बायकोचा आणखी एक गुंता त्याच सकाळी सुटला. आपल्या कुकरचं कधी कधी अर्धंच का शिजतं याचा तिला उलगडा होत नव्हता. निम्म्या शिट्ट्या मावशीच्या कुकरच्या होत्या.

हसणं संपल्यावर मात्र शुक्रवार उरलाच. नेटवाल्यांनी सगळ्यांना समोर बसवून, म्हणजे मावशीला फडताळातच ठेवून, परिस्थिती सांगितली. घरात दुसऱ्या कंपनीची लाइन घेता येत नव्हती, कारण कर्मचाऱ्याच्या घरी ती दिसली तर तो फितूर ठरायचा. आपल्याच कंपनीची दुसरी लाइन घ्यावी, तर एका पत्त्यावर दोन लाइन देत नाहीत, हे नेटवाले स्वतःच रोज लोकांना पटवून सांगायचे. फोनमधल्या सिमचं नेट दुपारपर्यंत मान टाकायचं.

"चित्र बंद करून नुसता आवाज ठेवू," त्यांनी सुचवलं. "त्याला नेट कमी लागतं."

हे सोमवारी करून पाहिलं. पण नुसत्या आवाजाच्या फोनवर थोडा वेळ कोणी बोललं नाही की त्या ॲपला वाटायचं माणसं गेली, आणि ते आपणच फोन तोडून टाकायचं. म्हणून दोघी बहिणींना सतत बोलत राहावं लागलं. जन्मभर त्यांनी काही बोलायचं असेल तेव्हाच बोलायचं, एरवी आपापलं काम करायचं, असं ठेवलं होतं. दुपारपर्यंत नातेवाईक संपले. मग आजार संपले. मग लहानपणी कोणाची चप्पल कोणी विहिरीत टाकली होती तो विषय निघाला, आणि संध्याकाळी दोघींचं असं कडाक्याचं वाजलं की सासूबाईंनी चहा घेतला नाही.

"हे नको," मावशीनेच शेवटी सांगितलं. "यापेक्षा तोडलेला बरा. जावईबापूंच्या पोटावर पाय नको यायला."

"तू तोड मग," सासूबाई म्हणाल्या.

"मी का? तू धाकटी आहेस."

"म्हणूनच. मोठ्यांचा फोन धाकट्याने तोडायचा नसतो."

"आणि मोठीने धाकटीचा तोडायचा असतो, हे कुठे लिहिलंय?"

दोघींपैकी एकीचाही अंगठा पुढे सरकेना. शेवटी नेटवाल्यांनी हात पुढे केला आणि लाल बटण दाबलं. आपण काही बेकायदा केलं नाही हे त्यांना पुरतं ठाऊक होतं, तरी कोणाच्या तरी घराला बाहेरून कडी घातल्यासारखं त्यांना वाटलं.

राऊटरच्या पानावर 'बायको' एकदम उपाशी झाली. आकडा असा सुरेख खाली आला की नेटवाल्यांनी त्याचा फोटो काढून ठेवला. घरी राहायचं पक्कं झालं होतं. त्यांनी त्या आनंदात दोनदा चहा केला, आणि दोन्ही वेळा हेडफोन चढवायला उशीर झाला, कारण टोल पडले नव्हते. बायको एक दिवस दुकानात इतक्या लवकर पोचली की शटर बंद होतं. दुसऱ्या दिवशी इतक्या उशिरा, की गिऱ्हाइकं स्वतःच अक्षरं वाचून परत गेली.

सासूबाईंनी तक्रारीचा शब्द काढला नाही. हेच नेटवाल्यांना जड जात होतं, तक्रार ऐकायची त्यांना सवय होती. आता त्या संध्याकाळी बहिणीला रीतसर फोन लावायच्या, पाठ सरळ करून, समोर धरून.

"कशी आहेस?"

"बरी आहे. तू?"

"मी पण बरी आहे. आणखी काय?"

"काही नाही. तुझ्याकडे?"

"काही नाही."

मग शिकवल्याप्रमाणे लाल बटण. इतके महिने त्यांनी एकमेकींना कशी आहेस म्हणून विचारल्याचं नेटवाल्यांना आठवत नव्हतं. दारात उभं राहून ते ऐकत होते.

बुधवारी सासूबाई बटण दाबणार तेवढ्यात त्यांनी फोन मागून घेतला. पडद्यावर पहिल्यांदाच छताऐवजी मावशीचं तोंड होतं. एवढ्या आवाजाची बाई इतकी लहानखुरी असेल असं त्यांना वाटलं नव्हतं.

"मावशी, जेवलात का?"

"जेवेन की. हल्ली वेळेचं काही कळत नाही हो."

"तुमच्याकडे तर घड्याळ आहे. आमच्याकडे नाही, आमचा गोंधळ उडालाय."

"घड्याळ आहे," मावशी म्हणाली. तोफेचा आवाज अगदी साधा झाला होता. "पण तुमची बायको हाक मारायची ना, जेवायला चला म्हणून. मग मी पण उठायचे, ताट वाढून घ्यायचे. आता मी एकटीच आहे. घड्याळात किती का वाजेनात, स्वतःलाच हाक मारून उठवायचा कंटाळा येतो. मग राहूनच जातं."

एकट्याचं ताट म्हणजे काय हे नेटवाल्यांनी वर्षानुवर्षं चाखलं होतं. त्या पिवळ्या भिंतीच्या खोलीत कित्येकदा ते भूक असून तसेच झोपले होते, निव्वळ कोणी हाक मारली नाही म्हणून. यातलं काही त्यांनी कधी बायकोलाही सांगितलं नव्हतं.

त्यांनी फोन सासूबाईंना परत दिला नाही. ते सरळ फडताळापाशी गेले, चहा-साखरेचे डबे सारले आणि चार्जरची वायर लावून फोन होता तसा आत ठेवला.

"मावशी, तुम्ही पण ठेवा," ते म्हणाले.

"अहो पण तुमची नोकरी..."

"ठेवा हो."

तिकडे छत दिसू लागलं. बायको हातातला डाव घेऊन नवऱ्याकडे बघत होती. सगळं समजत होतं तिला, आणि म्हणूनच ती भडकली होती.

"आणि शुक्रवारचं काय?"

"शुक्रवारी सांगेन मॅडमना. माणूसच आहेत त्या पण."

"त्या करवत आहेत," फडताळ म्हणालं.

शुक्रवारी मॅडमचा फोन आला. नेटवाल्यांनी सगळं खरं खरं सांगितलं. मॅडमनी मध्ये एकदाही तोडलं नाही, त्यामुळे त्यांना जरा आशा वाटली.

"बरं," मॅडम म्हणाल्या. "मला इथे वापराचं कारण निवडावं लागतं. मनोरंजन आहे, शिक्षण आहे, आरोग्य आहे. यातलं काय टाकू?"

नेटवाल्यांनी विचार केला. "सोबत," ते म्हणाले.

"तसा पर्याय नाही."

"मग नसेल, मॅडम."

"वापर बंद होणार आहे का?"

"नाही," नेटवाले म्हणाले, आणि आपण हे बोललो याचा त्यांना स्वतःलाच धक्का बसला.

मॅडम सावकाश म्हणाल्या, "माझ्या हातात नाही हो. पण तुमची लाइन मी आत्ताच काढायला लावत नाही. लाइन काढायच्या कागदाला इकडून पाय फुटायला वर्ष लागतं. तुम्ही मात्र सोमवारी या." करवतीकडून इतकं मिळणं म्हणजे कमालच होती.

बायकोने बॅग भरून दिली, पण बोलत नव्हती. टॉवेल बॅगेत घालताना मात्र बांध फुटला. "मावशीला जवळ ठेवायला नवऱ्याला लांब पाठवायचं. छान आहे तुझं." तिचे डोळे भरले होते. आपण चूक केली असं नेटवाल्यांना वाटत नव्हतं आणि जावंसंही मुळीच वाटत नव्हतं. सासूबाई आतल्या खोलीतून बाहेर आल्याच नाहीत. निघताना फडताळातून नाक ओढल्याचा मोठा आवाज आला, इतकंच.

खोली तीच होती. भिंत आणखी पिवळी झाली होती. दिवसभर कार्यालयात लोकांना थंड करून नेटवाले संध्याकाळी परतले, कोपऱ्यावरच्या खानावळीतला डबा टेबलावर ठेवला आणि घरी चित्राचा फोन लावला. बायकोने लगेच उचलला. तिचा राग अजून शिल्लक होता, पण पातळ झाला होता. तिने दुकानातल्या एका गिऱ्हाइकाची गोष्ट सांगितली, त्यांनी नव्या साहेबाची. मग दोघांचंही बोलणं संपलं.

"बरं, मला ताटं घ्यायचीत," ती म्हणाली. "ठेवते."

"ठेव," नेटवाले म्हणाले आणि त्यांचा अंगठा लाल बटणाकडे गेला. पण तिकडचं चित्र हललं, फडताळातले डबे सरकल्याचा आवाज आला, आणि पडद्यावर स्वयंपाकघराचं छत येऊन थांबलं. त्यांच्या स्वतःच्या घराचं छत. पंख्याच्या पात्यांवर धूळ होती. त्यांनी अंगठा बाजूला घेतला आणि फोन टेबलावर उताणा ठेवला.

पाण्याचा नळ ऐकू आला. सासूबाईंची पावलं, भिंतीला धरत धरत. कुठल्यातरी लांबच्या खोलीतलं घड्याळ टोल देऊ लागलं. डबा तसाच बंद होता आणि नेटवाले खाटेवर बसून ऐकत होते. भूक होती, पण उठावंसं वाटत नव्हतं.

"जेवायला चला," बायकोने हाक मारली.

ताटांचा आवाज झाला, पाट सरकले.

"जावईबापू," मावशी म्हणाली, आणि खोलीतली खिडकीची काच हलली. "तुम्हालाही म्हणतेय ती."

नेटवाल्यांना एकदम रडू आलं. ते त्यांनी लपवलं नाही, छतापासून काय लपवायचं.

"आलो, मावशी," ते म्हणाले आणि हात धुवायला उठले.